चांद्रविजयाचे दिवस आणि आजची पिढी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यानेच ते पुन्हा लिहून दिले आहे.)



संयोजकांनी मला जो विषय दिला, त्यात ‘विज्ञानयुग’ आणि ‘संस्कृतीचा ऱ्हास’ असे दोन भारदस्त शब्द होते. मी ताबडतोब होकार दिला, कारण या विषयावर मी रोजच बोलत असतो. निवृत्त झाल्यापासून सकाळी चहाच्या हॉटेलात आमची चार-पाच जणांची बैठक असते. तिथे कोणी ना कोणी म्हणतोच की, आमच्या वेळी माणूस चंद्रावर गेला. त्या वेळी पोरांना वाचनाची गोडी होती, मास्तरांचा धाक होता, ज्ञानाची भूक होती. आणि आजची पोरे पाहा, मान खाली घालून मोबाइल चोळत बसतात. मग सगळे माना डोलावतात. त्यात माझी मान सर्वांत जोरात हालते. भाषणाची टिपणे काढायला बसलो तेव्हा मात्र काही गोष्टी अशा हाती आल्या की, ठरवलेले भाषण बाजूला ठेवावे लागले. त्याऐवजी जे बोललो, ते पुढे देत आहे.

प्रथम त्या दिवसाविषयी. आपल्या घड्याळाप्रमाणे ते यान चंद्रावर उतरले २१ जुलै १९६९ च्या मध्यरात्रीनंतर पावणेदोनच्या सुमारास, आणि नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्राच्या मातीवर पाय ठेवला तो सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. सोमवार होता. मी अकरा वर्षांचा होतो. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यातला एक तालुका. दूरचित्रवाणी देशात फक्त दिल्लीला होती. मुंबईला ती १९७२ च्या ऑक्टोबरात आली, आणि आमच्याकडे तर आणखी कितीतरी वर्षांनी. घरी रेडिओ असणे हीच श्रीमंती. त्या रेडिओलाही परवाना लागे आणि त्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागे. बाजारातल्या एका हॉटेलात मोठा मर्फी रेडिओ होता. त्या सकाळी त्याच्यापुढे माणसांची झुंबड उडाली होती. कोणीतरी शॉर्टवेव्हवर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ लावले होते. खरखर इतकी की, इंग्रजी येणाऱ्यालाही चार शब्दांतला एक कळावा. रेल्वेतले एक बाबू काउंटरजवळ उभे राहून जे कळेल ते मराठीत सांगत होते, आणि कळेनासे झाले की आपल्या पदरचे घालत होते. माझ्या शेजारी उभा असलेला हमाल मागच्याला सांगत होता, “चाँद पो आदमी उतऱ्या कते.” मागचा आणखी मागच्याला सांगत होता.

पावसाळ्याचे दिवस. त्या संध्याकाळी ढग थोडे फाटले आणि पश्चिमेकडे चंद्र दिसला, अर्ध्याहून किंचित कमी. अब्बांनी मला अंगणात नेऊन दाखवला. पुढे शिक्षक झाल्यावर मी वेळांचा हिशेब मांडला, तेव्हा कळले की, ते दोघे चंद्रावरून परत निघाले ते आपल्या रात्री ११ वाजून २४ मिनिटांनी. म्हणजे मी अंगणात मान वर करून पाहत होतो, त्या क्षणी त्या तुकड्यावर खरोखरच दोन माणसे होती. हे कळले त्या दिवशी, तिशीच्या वयातही, मी कितीतरी वेळ वही बंद केली नव्हती.

दादीचा मात्र विश्वास बसेना. ज्याच्याकडे पाहून आपण रोजे धरतो, ईद करतो, त्याच्यावर कोणी बूट घालून कसा चालेल? तिने अब्बांना विचारले. अब्बा कापडाच्या दुकानात मुनिमी करीत; शिक्षण उर्दू चौथीपर्यंत. ते म्हणाले, “मला माहीत नाही, अम्मा. विचारून सांगतो.” आणि त्यांनी खरेच विचारले. मशिदीत मौलवीसाहेबांना विचारले. ते म्हणाले, ईद चाँद दिसण्यावर आहे, तिथे कोण उभा आहे याच्याशी तिचा संबंध नाही. मग माझ्या शाळेतल्या मास्तरांना विचारले. हैदराबादहून ‘सियासत’ आणि औरंगाबादहून ‘मराठवाडा’ दुसऱ्या दिवशी आले, ते दोन्ही वाचनालयात जाऊन पाहिले. मग दादीला सांगितले. तिने तरीही मानले नाही, तो भाग वेगळा.

आठवण इथपर्यंत गोड आहे. हॉटेलात मी एवढीच सांगतो आणि थांबतो.

आता जे सांगत नाही ते. त्या रेडिओपुढच्या गर्दीत एकही बाई नव्हती. माझी थोरली बहीण चौथीनंतर घरी बसलेली. तिला ही हकिकत संध्याकाळी कळली, तीही माझ्याकडून, आडावरून पाणी आणल्यावर. तिने विचारले, “वर पाणी आहे का?” मी हसलो. घरातले सगळेच हसले. तिच्या कमरेवर घागर होती आणि प्रश्न अगदी सरळ होता, पण त्याला उत्तर द्यावे असे कोणाला वाटले नाही. १९७१ च्या जनगणनेत देशातील शंभर स्त्रियांपैकी बावीस जणी साक्षर निघाल्या. आमचा भाग त्याच्याही मागे होता. ज्ञानाची भूक म्हणतो ती होती, पण पंगतीला किती जण बसले होते, हे आम्ही मोजत नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर चाळीस वर्षांनी आले. भारताचे चांद्रयान-१ हे २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघाले, आणि त्यावरील उपकरणांच्या आधारे २००९ च्या सप्टेंबरात जाहीर झाले की, चंद्राच्या मातीत पाण्याचे अंश आहेत. मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, “एवढी वर्षं लागली होय? मी तेव्हाच विचारलं होतं.”

ज्या देशाने माणसे चंद्रावर पाठवली, तिथेही सगळे एकमुखाने आनंदात होते, असे नाही. यान निघण्याच्या आदल्या दिवशी, १५ जुलैला, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अॅबरनथी हे गरीब कुटुंबांना घेऊन, खेचरांच्या गाड्यांसह, थेट प्रक्षेपणतळावर गेले. आमच्या मुलांच्या पोटाचे काय, हा त्यांचा सवाल होता. ‘नासा’चे प्रमुख टॉमस पेन त्यांना उघड्यावर येऊन भेटले. पुढच्या एप्रिलात अपोलो-१३ निघाले, तेव्हा लोकांचा उत्साह एवढा ओसरला होता की, अंतराळवीरांनी यानातून केलेला कार्यक्रम अमेरिकेच्या मोठ्या दूरचित्रवाणी कंपन्यांनी दाखवलाच नाही. अपघात झाल्यावर मात्र सगळे जागे झाले. शेवटच्या तीन मोहिमा पैशांअभावी रद्द झाल्या. ज्या सुवर्णकाळासाठी आपण उसासे टाकतो, तो खुद्द त्या देशात वर्षभरही टिकला नव्हता.

आणि आपल्याकडे? जुलैत माणूस चंद्रावर उतरला आणि सप्टेंबरात अहमदाबाद पेटले. त्या बातम्याही मी त्याच हॉटेलात, त्याच रेडिओवर ऐकल्या. त्या दिवशी मागच्या माणसाला कोणी काही सांगत नव्हते. नंतर १९७२ चा दुष्काळ. १४ डिसेंबर १९७२ ला शेवटचे अंतराळवीर चंद्रावरून निघाले, त्या दिवसांत मराठवाड्यातील लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. पोरांना सुकडी मिळत होती, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो. त्या मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना मी काय सांगत आहे ते कळेल. इतरांना सांगून कळणार नाही. चंद्रावर जाणाऱ्या देशाचे धान्य, असे अब्बा म्हणत. त्यात टोमणा होता की कृतज्ञता, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

यानंतरचा भाग सभेत बोलताना माझा आवाज बसला होता. लिहिताना जरा सोपे जाते.

१९८२ च्या सुमारास मी नव्याने शिक्षक झालो होतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती. आठवीचा वर्ग. त्या दिवसांत एक गोष्ट सगळीकडे फिरत होती की, आर्मस्ट्राँग यांना चंद्रावर अजान ऐकू आली, पुढे एका मुस्लिम देशात तोच आवाज ऐकून त्यांनी ओळखला, आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला. माझ्याकडे ती एका छापील पत्रकातून आली. छापलेले आहे म्हणजे खरे असणार, असे पदवीधर असूनही मला वाटले. विज्ञानाच्या तासाला मी ती वर्गात सांगितली. पोरांचे चेहरे काय उजळले! माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढा रंगलेला तास दुसरा झाला नसेल.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. ध्वनीचा धडा आम्ही महिनाभरापूर्वी संपवला होता. तो म्हणाला, “सर, तुम्हीच सांगितलं ना, आवाजाला हवा लागते. चंद्रावर तर हवा नाही.”

मी त्याला म्हणालो, “खाली बस. मोठा शहाणा लागून गेलास.” वर्ग हसला. तो खाली बसला.

वाचकहो, त्या मुलाचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. चंद्रावर आवाज वाहून नेणारी हवाच नाही. अंतराळवीर एकमेकांशी बोलत ते रेडिओलहरींनी. ती अफवा इजिप्तपासून इंडोनेशियापर्यंत इतकी पसरली होती की, मार्च १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मुस्लिम देशांतील आपल्या वकिलातींना मुद्दाम कळवले की, आर्मस्ट्राँग यांना कोणाच्याही धर्माचा अनादर करायचा नाही, परंतु त्यांच्या धर्मांतराची बातमी खरी नाही. हा खुलासा माझ्यापर्यंत काही वर्षांनी एका मासिकातून पोहोचला. तोपर्यंत तो वर्ग शाळा सोडून गेला होता. पुढच्या वर्गांना मी ती गोष्ट सांगितली नाही एवढेच. पण चूक झाली होती असेही कधी बोललो नाही.

२०१९ साली चांद्रविजयाला पन्नास वर्षे झाली. त्या जुलैत माझ्या फोनवर तीच गोष्ट आली, आता हिरव्या घुमटाचे चित्र जोडून. पाठवणारा माझाच विद्यार्थी, त्याच वर्गातला. खाली त्याने लिहिले होते, “सर, आपण आम्हाला हे चाळीस वर्षांपूर्वीच शिकवले होते.” त्याने ती आणखी किती जणांना पाठवली असेल, कोण जाणे.

आपण म्हणतो, फोनमुळे अफवा वाढल्या. फोनमुळे त्यांचा वेग वाढला, हे खरे. पण ही अफवा फोनने जन्माला घातली नाही. ती पत्रकाने आणली आणि फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाने तिला शिक्का मारला.

त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा मी शोध घेतला. नववीनंतर त्याने शाळा सोडली होती; माझ्यामुळे नव्हे, घरची ओढाताण होती. त्याचे मोटारी दुरुस्तीचे दुकान आहे, पाणबुडी पंप भरतो, हात उत्तम आहे. मी त्याला म्हणालो, त्या दिवशी तू बरोबर होतास, मी चुकलो. त्याने हात पुसत चहा मागवला. त्याला तो प्रश्न आठवतच नव्हता.

आपल्या संस्थांच्या समारंभांत आणखी एका गतवैभवाची आठवण निघते. मीही कित्येकदा ती भाषणांतून काढली आहे. चंद्राच्या नकाशावर आपल्या विद्वानांची नावे आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरे आहे. १६५१ साली रिच्चोली नावाच्या इटालियन पाद्री खगोलशास्त्रज्ञाने चंद्राच्या विवरांना नावे दिली, त्यांत अल-बत्तानी, अल-फरगानी, साबित इब्न कुर्रा ही नावे लॅटिन वळणाने आली. आर्मस्ट्राँग उतरले ती जागा अल-फरगानीच्या विवरापासून चंद्राच्या मानाने फार लांब नाही. परंतु ही माणसे काय करीत होती, हे आपण क्वचित सांगतो. अल-बत्तानी यांनी टॉलेमीचे आकडे पुन्हा मोजले आणि दुरुस्त केले. इब्न अल-हैसम यांनी तर टॉलेमीवरच्या शंकांचे एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच ‘शुकूक’ हा शब्द आहे. टॉलेमी म्हणजे त्या काळचा सर्वांत मोठा उस्ताद. त्याच्या वर्गात ही मंडळी मागच्या बाकावरून उठून उभी राहिली, म्हणून त्यांची नावे चंद्रावर आहेत. त्यांचा फोटो भिंतीवर लावून त्या पोराला खाली बसवणे, हे मी एकाच वर्गात केले होते.

जवळचे उदाहरण द्यायचे तर आपण ज्या निजामी राज्यात होतो, त्या हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये वेधशाळा स्थापन केली. पुढे ती सरकारकडे आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. जगातल्या अनेक वेधशाळांनी मिळून आकाशाचा नकाशा करायचे ठरवले, त्यातला एक पट्टा या निजामिया वेधशाळेने मोजला. काचेवर फोटो घ्यायचे आणि एकेका ताऱ्याची जागा मोजून वहीत लिहायची, असे वर्षानुवर्षे चालले. त्या कामात काही वैभव दिसत नाही, म्हणून त्यावर भाषणे होत नाहीत.

आता आजच्या पिढीविषयी. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. त्या संध्याकाळी मी नातीच्या शाळेत होतो. पडदा लावला होता. इस्रोचे प्रक्षेपण एकट्या यूट्यूबवर एकाच वेळी ऐंशी लाखांहून अधिक लोक पाहत होते, असे नंतर वाचले. पुढच्या रांगेत मुली बसल्या होत्या. माझ्या शेजारची मुलगी वेग कमी होतो की नाही ते पडद्यावरच्या आकड्यांवरून बघत होती आणि मला सांगत होती, “आजोबा, आता आडवा वेग संपला, आता फक्त खाली.” त्या रेल्वेबाबूंची मला आठवण झाली. ही मुलगी पदरचे काही घालत नव्हती. मोबाइल चोळणारी पोरे ती हीच. त्यानंतर दहा दिवसांनी, २ सप्टेंबरला, सूर्याच्या अभ्यासासाठी आदित्य-एल१ निघाले. त्याच्या प्रकल्प संचालक निगार शाजी. तमिळनाडूतील सेंगोट्टई या लहान गावच्या शेतकऱ्याची मुलगी. १९६९ च्या त्या गर्दीत माझ्या बहिणीला जागा असती तर काय झाले असते, असे मनात आल्याशिवाय राहिले नाही.

आणि आपल्या जिल्ह्यात काय चालले आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हायची आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्राने तिला तत्त्वतः मान्यता दिली, २०२३ च्या एप्रिलात सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर झाले, आणि त्याच वर्षी ११ मे रोजी कोनशिला बसली. अशा वेधशाळा अमेरिकेत दोन आहेत. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आतून हवा काढून घेतलेली, टोकांना आरसे, आणि मधून लेझरचा किरण. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, त्याची लहर पृथ्वीवरून जाते, तेव्हा या नळ्यांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे दहाहजाराव्या भागाने बदलते. तो बदल तिथे मोजला जातो. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत अशी लहर प्रथम सापडली. लहर कोणत्या दिशेने आली हे नेमके कळायला पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक कान हवा, म्हणून दुधाळा. पुण्याच्या आयुका संस्थेचा यात मोठा वाटा आहे. आपला जिल्हाच का निवडला, असे लोक विचारतात. मुख्य कारण हे की, या कामाला शांत जमीन लागते. कारखान्यांची धडधड, रेल्वे-ट्रकची वर्दळ नको. म्हणजे ज्याला आपण आजवर मागासलेपण म्हणून रडत आलो, तेच इथे कामाला आले.

२०२४ साली २१ मार्चला आणि १० जुलैला आपल्याकडे भूकंपाचे धक्के बसले. वसमत, औंढा, कळमनुरी भागांत जमिनीतून आवाज येतात ते तर आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. धक्के बसले त्याच दिवशी हॉटेलात एक गृहस्थ म्हणाले, हे त्या दुधाळ्याच्या यंत्रामुळे. तेव्हा तिथे लेझर आलेलाही नव्हता. मी तसे सांगितले. त्यांनी मला म्हटले, “तुम्हाला काय माहीत?” प्रश्न योग्य होता, आणि या वेळी मी “गप्प बसा” म्हणालो नाही. मला जे माहीत होते ते सांगितले, आणि भूकंप नेमके इथेच का होतात हे पुरते मलाही माहीत नाही, हेही सांगितले. हे वाक्य उच्चारायला मला पासष्ट वर्षे लागली. अब्बांनी ते एका क्षणात म्हटले होते.

काहीच हरवले नाही, असे मी म्हणत नाही. अंधारे आकाश हरवले. गावातल्या पोराला आकाशगंगा दाखवायची तर आता शिवाराबाहेर न्यावे लागते. एका रेडिओपुढे शंभर माणसे उभी राहत, ती आता शंभर पडद्यांपुढे एकेकटी आहेत. वाचनालयात वर्तमानपत्राची पाळी लागे, तिथे आता धूळ आहे. याचे दुःख मला आहे, आणि ते असू द्यावे. पण या सगळ्याचा जाब आपण पोरांना विचारतो. वाचनालयाचे कुलूप पोरांनी लावले नाही. त्याची किल्ली आमच्या पिढीकडे होती.

गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ च्या, आम्ही चार निवृत्तांनी वर्गणी काढून लहानशी दुर्बीण घेतली आणि अर्ध्या चंद्राच्या एका संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर लावली. मुली आधी आल्या, त्या येतातच. पाचवी-सहावीची रांग लागली. मी शांतिसागर दाखवला आणि सांगितले की, आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी तिथे शंभर लहान काचेच्या लोलकांची एक चौकट ठेवली आहे. पृथ्वीवरून लेझर सोडला की, तो तिच्यावर आपटून परत येतो. जायला-यायला अडीच सेकंद. त्यावरून अंतर मोजतात. ते आजही चालू आहे, आणि त्यातून कळले की, चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर आपल्यापासून दूर जातो आहे.

एका मुलीने विचारले, “सर, ते लोलक यातून दिसतील का?” मी म्हणालो, नाही, एवढ्या दुर्बिणीतून नाही. तिने पुन्हा डोळा लावून स्वतः खात्री करून घेतली. मग विचारले, “तुम्ही लहानपणी पाहिला तेव्हापासून किती लांब गेला?”

मी म्हणालो, माहीत नाही, तूच काढ. तिने गच्चीच्या भिंतीवर खडूने छप्पन्न गुणिले तीन पॉइंट आठ मांडले. पहिल्या वेळी हातचा चुकला. तिच्या मैत्रिणीने तो दाखवला, दोघींचा थोडा वाद झाला, मग उत्तर आले, दोनशे बारा पॉइंट आठ. “दोन मीटरच्या वर, सर,” ती म्हणाली, आणि किती ते दाखवायला जिन्याच्या दाराजवळ जाऊन हात उंच करून उभी राहिली. हात पुरेना. मग तिने शिपाईमामांना बोलावले.